दगड हलला की गिरणी

पेणची वाकडी आळी या उन्हाळ्यात सरळ झाली. नाव मात्र वाकडंच राहिलं. गावांचं हे असंच असतं. घर पाडून वर्षं लोटली तरी पत्ता सांगताना माणसं त्याच घराच्या मागे, त्याच घराच्या समोर असं सांगत राहतात, आणि ऐकणारा बिचारा हवेत घर शोधत फिरतो.

पद्मजाबाई कर्णिकांनी आळीचं हे नवं सरळ रूप अजून पाहिलेलं नव्हतं. आळीच्या ऐन वळणात त्यांचं सासरचं कौलारू घर होतं. ते बिल्डरला दिलं, तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या, आणि वाट्याला आलेल्या फ्लॅटमध्ये यंदाच्या पावसात मुलगा निमिष, सून अनन्या आणि दुसरीतली नात तनया राहू लागली. पद्मजाबाई आणि त्यांचे यजमान शरदराव पेणहून रोज ये-जा करून रोह्याला शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर ते रोह्याजवळच वरसे गावात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत रुळले. मे महिन्यात शरदरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मागोमाग पाऊस आला, आणि पेणला जाणं राहूनच गेलं.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी पद्मजाबाई नुकत्याच लवंडल्या होत्या. देवघरात घट बसला होता, नंदादीप लावला होता आणि तो विझू नये म्हणून शरदराव खुर्ची ओढून त्याच्यासमोर पहारा देत होते. पहारा म्हणजे काय, तर पेपर वाचत होते आणि अधूनमधून घोरत होते. तेवढ्यात फोन वाजला. अनन्याने व्हिडिओ पाठवला होता.

सोसायटीच्या मोकळ्या आवारात गरब्याची तालीम चालली होती. बाहेर बायकांचं रिंगण, आत पोरांचं. पोरं एका ठेक्याला सगळी मिळून पाय आपटत होती, आणि प्रत्येक आपटीला जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येत होता. शेवटी तनयाचं तोंड अगदी कॅमेऱ्याजवळ आलं. "आजी, इथे पाय आपटला ना, की खाली ढोल वाजतो. म्हणून आम्ही इथेच नाचणार."

पद्मजाबाई हसल्या. व्हिडिओ त्यांनी पुन्हा पाहिला. नातीचं कौतुक कुणाला नसतं?

मग फोटो आला. "आई, साती आसरांची ओटी भरली. खास तुमच्यासाठी." सासरच्या विहिरीवरचा तो जुना काळा दगड. त्याच्यावर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, आणि भोवती नवी कोरी दोरी बांधून केलेलं छोटंसं कुंपण. विहीर असेल तिथे पाण्याच्या सात देवी असतात, त्यांना आसरा म्हणतात, आणि त्यांचा मान राखला नाही तर त्या माणूस ओढतात, असं पद्मजाबाईंच्या सासूबाई सांगायच्या. सुनेने न सांगता ओटी भरली हे पाहून पद्मजाबाईंना बरं वाटलं. फोटो मोठा करून त्या बांगड्या बघू लागल्या.

दगडाच्या मागे एक हिरवं लाकडी दार होतं. दारावर पिठाचा पांढरा थर होता.

ते आळीतल्या दाजीच्या पिठाच्या गिरणीचं दार होतं. पद्मजाबाई उठून बसल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी त्या विहिरीचं पाणी ओढलं होतं, आणि एवढ्या वर्षांत विहिरीवरून गिरणीचं दार कधी दिसलं नव्हतं. दिसणारच नाही. विहीर वळणाच्या अलीकडे, गिरणी पलीकडे. विहिरीवरून दिसायचं ते फक्त भिंतीवरून डोकावणारं गिरणीचं पत्र्याचं छप्पर. मग हे दार दगडाच्या पाठीला कुठून आलं?

जमिनीतला तो ढोल त्यांना आठवला.

"अहो," त्यांनी शरदरावांना हलवलं. "आसरांचा दगड गिरणीपाशी कसा गेला?"

शरदरावांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "दगड कुठला जातोय? गिरणी इकडे आली असेल. रस्ता सरळ करताना दाजीला जागा सोडायला लागली असणार."

"आणि दगडच हलवला असेल तर?"

"आसरांचा दगड कोण हलवेल?" शरदराव म्हणाले. विज्ञानाचे मास्तर होते, पण हे त्यांनी असं म्हटलं की जणू न्यूटनचाच नियम सांगतायत.

इथे शरदरावांची एक गोष्ट सांगायला हवी. मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं, अमावास्या, यांवर या माणसाने आयुष्यभर वर्गात आसूड ओढले. पण घर पाडताना बिल्डरने विहीर बुजवतो म्हटल्याबरोबर मास्तरांची तंतरली. विहीर बुजवणाऱ्याचा वंश बुडतो, हे त्यांच्या आजीने लहानपणी कानात घातलेलं वाक्य सगळ्या विज्ञानाला पुरून उरलं. "बुजवायची नाही," त्यांनी निक्षून सांगितलं. "तोंड झाका, श्वासाला पाइप ठेवा. पाण्याचा जीव कोंडायचा नाही." म्हणून विहिरीचं तोंड झाकलं, वर माती टाकली, पाइप ठेवला, बाजूला दगड बसवला आणि भोवती लोखंडी कठडा करून अनंताचं झाड लावलं. तिथे कुणी पाय ठेवत नसे.

"पण वर स्लॅब आहे ना?" पद्मजाबाईंनी विचारलं. "पक्का स्लॅब टाकलाय ना?"

शरदराव नंदादीपाची वात पुढे सारू लागले. ती सारायची काही गरज नव्हती.

"अहो, मी काय विचारते?"

"टाकणार होते," ते म्हणाले. "तोपर्यंत आपल्याच घराच्या तुळया आडव्या टाकल्या होत्या, त्यावर पत्रा, त्यावर माती. दिवाळीनंतर स्लॅब घालतो म्हणाला. मग तो बिल्डर काम सोडून गेला. नवा आला, त्याला मी सांगायला गेलो, तर तो म्हणाला आधी बुजवू मग बघू. म्हणून मी गप्प बसलो. कठडा होता ना, पद्मा. तिथे जाणार कोण?"

कठडा फोटोत नव्हता. व्हिडिओतही नव्हता. आणि त्या तुळया पद्मजाबाईंनी पाहिलेल्या होत्या. घर पाडायच्या आधीच त्यांतल्या दोन वाळवीने खाल्लेल्या होत्या. वर इतके पावसाळे झाले. असली भीती त्यांना निमिष तापाने फणफणला होता तेव्हा वाटली होती, त्यानंतर आजच.

त्यांनी अनन्याला फोन लावला.

"अगं, तिथला कठडा आणि अनंताचं झाड कुठे गेलं?"

"ते ना, रस्ता सरळ झाला तेव्हा वळणातली सगळी जागा आपल्या आवारात आली. मग सगळं सपाट करून पेव्हर ब्लॉक बसवले. इतकं छान मोकळं झालंय, आई. तुम्ही बघाच."

"अनन्या, नाचता तिथे खाली विहीर आहे."

अनन्या समजुतीने म्हणाली, "नाही हो आई. विहीर दगडापाशी आहे, निमिषने दगडावरूनच मला दाखवलीय. म्हणूनच तर आम्ही तिथे दोरी बांधली. तिकडे पोरांना फिरकू पण देत नाही."

"दगड हललाय गं."

"गिरणी हलली असेल," शरदराव मागून मोठ्याने म्हणाले. नवऱ्याने नको तिथे तोंड उघडायचं हा धर्म या घरात कधी चुकला नव्हता.

"बघा, बाबाही म्हणतायत," अनन्या म्हणाली. "आई, आज पहिला दिवस आहे, सगळ्या बिल्डिंगने तयारी केलीय. आता ऐनवेळी मी कुणाला काय सांगू? उद्या सकाळी निमिषला बघायला सांगते. ठेवू का? स्पीकरवाला आलाय." त्यानंतर तिने फोन उचललाच नाही. स्पीकर सुरू झाला की फोन कुणाला ऐकू येतो?

निमिष डोलवीच्या कंपनीत कंत्राटी इंजिनीअर. त्याची दुसरी शिफ्ट होती आणि आत जाताना फोन गेटवर ठेवावा लागायचा. दाजीचा नंबर कुणाकडेच नव्हता. दळण टाकायला आधी फोन करून कोण जातं?

पद्मजाबाईंनी पदर खोचला. "मी जाते. तुम्ही दिवा सांभाळा."

"आणि गिरणी हललेली असली तर? चारचौघांत हसं होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर त्यांनाही खात्री नव्हती. ज्या गावात आळीच हलते, तिथे गिरणी का हलू नये? दगड, कठडा, झाड, वळण, ज्याच्या आधाराने बोट दाखवून इथे म्हणावं असं काहीच जागेवर उरलं नव्हतं. याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

शेजारचा काळुराम स्वतःची गाडी भाड्याने चालवायचा. मूळचा वडखळकडचा, खाडीकाठच्या गावचा, तीन पिढ्या मिठागरावर. त्याने गाडी काढली. "बसा बाई. पेनला जायाचाय ना, जाव. वडखलला अडकलो नाय म्हंजे झाला."

भिसे खिंड उतरून गाडी नागोठण्याला हायवेला लागली. पद्मजाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"आमच्या मिठागरावं आता गोदामा हायेत, बाई," काळुराम म्हणाला. "माजा आजा मीठ वढायचा तिथं ट्रक उबं रातान. पन उधानाचं पानी अजून बरोबर तिथंच येतं. पान्याला जागा ठाऊक असतं. मानसाला नाय रात."

याने धीर येण्याऐवजी होता तोही गेला. पद्मजाबाईंनी पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यांनी डोळे मिटले की पोरांचे पाय दिसायचे, एकदम वर जाणारे, एकदम खाली येणारे. म्हणून त्यांनी डोळे उघडेच ठेवले.

वडखळला व्हायचं तेच झालं. कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, उलट्या अंगाने घुसलेल्या रिक्षा, सगळं जागच्या जागी. सूर्य खाली चालला होता. काळुरामने गाडी एका गावातल्या रस्त्याला घातली, तिथे समोरून ट्रॅक्टर आला, तो मागे घ्यायला लावला. एवढं होऊनही पद्मजाबाई त्याला लवकर चल म्हणाल्या नाहीत. नुसत्या फोन लावत राहिल्या.

पेणला पोचले तेव्हा उजेड होता, पण जेमतेम. काळुराम वळण शोधत सरळ पुढे निघून गेला. पद्मजाबाईंनीही ओळखलं नाही. जिथे चाळीस वर्षं वावर केला ती आळी आपण गाडीतून ओलांडून गेलो हे त्यांना पुढच्या चौकात कळलं. गाडी मागे घेतली. स्पीकरचा दणका ऐकू येत होता. कार्यक्रम सुरू झाला होता.

गिरणीच्या दारात दाजी स्टुलावर बसून गरबा ऐकत होता. अंगावर पीठ, भुवयांवर पीठ. शेजारी दोरीच्या कुंपणात आसरांचा दगड, आणि त्यापुढे पणती.

"दाजी," पद्मजाबाईंनी धापा टाकत विचारलं, "तुझी गिरणी हलवली का रे?"

"नाय वयनी. का बरं? बापाने बसवली तिथंच हाय."

"मग हा दगड?"

दाजीचा चेहरा खुलला. केलेलं पुण्य सांगायला मिळतंय म्हटल्यावर कुणाचा खुलत नाही? "तो मीच आनला वयनी. रस्त्याचं काम चालू होतं तवा जेसीबीने कठडा, पाइप सगळं उखडलं, दगड डेब्रिसमध्ये चाललेला. मी म्हटलं, देव हाय, असा कसा जाऊन द्यायचा. पोरगा नि मी दोघांनी उचलला, दाराशी बसवला. रोज दिवा लावतोय. तुमच्या सूनबायनी आज ओटी पन भरली."

शरदरावांनी पाण्याचा जीव कोंडू नये म्हणून विहीर बुजवली नव्हती. दाजीने देव कचऱ्यात जाऊ नये म्हणून दगड उचलला होता. अनन्याने त्या दगडाचा मान राखायला दोरी बांधली होती, आणि पोरांना दगडापासून लांब, सुरक्षित म्हणून आवाराच्या मधोमध नेलं होतं. एकानेही वाईट केलं नव्हतं. पद्मजाबाईंना वाटलं, आपण इथेच खाली बसू.

पण बसून भागणार नव्हतं. "दाजी, घरात पहार आहे? ती घेऊन ये. काळुराम, गाडीतला ओढायचा दोर काढ. मी बोलावल्याशिवाय आत येऊ नका. ओरडायचं तर अजिबात नाही."

आवाराच्या फाटकाशी त्या थांबल्या. मोकळी जागा बरीच मोठी होती, सगळीकडे सारखेच लाल ब्लॉक. विहीर नेमकी कुठे? रिंगणाखाली, की रिंगणाच्या बाजूला? चुकून आपण पोरांना बाजूला काढायला जावं आणि नेमकं विहिरीवरच न्यावं, या विचाराने त्यांना पाऊल पुढे टाकवेना.

मग त्यांना महालमिऱ्याचा डोंगर दिसला. दोन इमारतींच्या मधल्या फटीत, काळपट, माथ्यावर अजून थोडा तांबूस उजेड. पाणी शेंदताना रोज समोर असायचा तो. खाली गिरणीचं छप्पर आणि छपराच्या कोपऱ्यावर बरोबर डोंगराची खाच. सासूबाई म्हणायच्या, सकाळी खाचेतून सूर्य वर आला की पाणी भरणं पुरे कर. गिरणी जागेवर होती. डोंगर तर कुठे जाणार नव्हता. पद्मजाबाई छपराकडे तोंड करून, खाचेवर नजर ठेवून, उलट्या पावलांनी मागे मागे सरकू लागल्या. खाच अजून छपराच्या बाहेर होती. मग जरा आत आली. मग कोपऱ्यावर येऊन बसली.

त्याच वेळी त्यांच्या पाठीला कुणाचं तरी कोपर लागलं, आणि तळपायाखाली जमीन घुमली.

त्यांनी वळून पाहिलं. बाहेरच्या रिंगणातल्या बायका त्यांना वळसा घालून हसत पुढे गेल्या. आतल्या रिंगणात पोरं होती. मधोमध पाटावर छिद्रांचं मडकं, त्यात दिवा. तनया मडक्याच्या अगदी जवळ होती. सगळी पोरं पाय उचलत होती आणि एकदम आपटत होती. मडक्याभोवतीचे ब्लॉक जरासे खचलेले होते. फार नाही. दळणाच्या पाटीचा तळ वाकावा तेवढेच.

पद्मजाबाईंच्या तोंडावर शब्द आला होता, विहीर. तो त्यांनी गिळला. हा शब्द ओरडला तर पंचवीस-तीस आया आपापल्या पोराकडे, म्हणजे सरळ मधोमध, धावत सुटतील. प्राथमिक शाळेत उभं आयुष्य गेलेल्या बाईला घाबरलेल्या घोळक्याचं वजन ठाऊक असतं.

म्हणून त्या स्वतः आत गेल्या. हळू, पाय घासत. आपलंही वजन त्या सडलेल्या तुळयांवर पडतंय हे प्रत्येक पावलाला कळत होतं, आणि चेहऱ्यावर हसू ठेवावं लागत होतं. त्यांनी तनयाचा हात धरला.

"आजी! तू कशी आलीस?"

"मजा बघायला. पाय आपटू नको, राणी. आता आपण आगगाडी करायची. दुसऱ्या हाताने त्याचा हात धर. तू तिचा धर. नाचायचं नाही, चवड्यांवर चालायचं. बघू कुणाचा आवाज येत नाही ते." मग मान वर करून, वर्गातल्या त्या सरळ, न चिडणाऱ्या आवाजात त्या बायकांना म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आधी आसरांना फेरी घालायची असते. ते झाल्याशिवाय गरबा नाही. चला सगळ्या, गिरणीपाशी. मागे मागे या."

अशी काही रीत पेणला नव्हती, आजवर कधीही नव्हती. पण पांढऱ्या केसांची बाई रीत सांगते म्हटल्यावर खोटी कोण म्हणणार? नव्या बिल्डिंगमधली माणसं तर रीत म्हटलं की आणखीच घाबरून असतात, आपल्याला ठाऊक नसेल म्हणून. पोरांची साखळी फाटकाकडे निघाली, तिच्यामागे बायका टाळ्या वाजवत निघाल्या. पद्मजाबाई पुढे चालत होत्या आणि मागे वळून बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. शेवटची बाई फाटकाबाहेर आली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

अनन्या परत आत चालली होती.

"अनन्या, थांब."

"आई, दिवा राहिला मधे. असा एकटा कसा सोडायचा? घेऊन येते."

"राहू दे दिवा."

"विझला तर अपशकुन होईल. तुम्हीच म्हणता ना." आवाजात चीड होती. सगळ्यांसमोर सासूने येऊन कार्यक्रम मोडला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. ती आणखी दोन पावलं पुढे गेली.

"अनन्या," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "मी तुझ्या पाया पडते. तिथे जाऊ नकोस."

सासूच्या तोंडून हे ऐकून अनन्या जागच्या जागी थबकली. मग मुकाट्याने परत फिरली.

काळुरामने दाजीच्या कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक फाटकाच्या खांबाला गुंडाळून हातात धरलं. स्पीकर बंद केला गेला. दाजी पालथा पडून पुढे सरकला, पहारीने एक ब्लॉक उचकटला आणि त्या जागी पहार खुपसली. पहार थोडी अडली. मग त्याच्या हातातून सुळकन निसटली आणि गेली. काही ऐकू आलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि तेव्हा खालून, फार खालून, डुब्ब असा आवाज आला.

"वढ," दाजी म्हणाला. "काळू, वढ मला."

काळुरामने त्याला फरफटत मागे घेतलं. तो बाजूला होतो न होतो तोच ब्लॉक एकामागून एक आत जाऊ लागले. गडगड नाही, धूळ नाही, नुसते सरकत गेले. मग मधला पाट कलंडला आणि दिव्याचं मडकं सरळ आत गेलं. जाता जाता त्याने आतली जुनी घडीव दगडांची भिंत उजळली, शेवाळाची, पायऱ्यांची. पद्मजाबाईंनी तो प्रत्येक दगड ओळखला. मग अंधार झाला आणि वर गार, ओला वास आला.

कुणी किंचाळलं नाही. बायका पोरांना जवळ ओढून त्यांच्या डोक्यांना, हातांना चाचपत राहिल्या, जणू काही राहिलंय का बघत होत्या. अनन्या रस्त्यावरच खाली बसली. तनयाला तिने मांडीत इतकं घट्ट धरलं की पोरगी दुखतंय म्हणाली.

"जागा मी निवडली होती, आई," ती म्हणाली. "छान घुमतं म्हणून."

पद्मजाबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

फोन वाजला. शरदराव.

"दगड हलला की गिरणी?"

"दगड."

"पोरगी?"

"आहे. इथेच, अनन्याच्या मांडीत आहे."

"मी तेव्हाच बुजवू दिली असती तर," ते म्हणाले आणि थांबले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला ऐकवायला असा मोका कधी आला नव्हता, आणि पुन्हा येणार नव्हता. पद्मजाबाईंच्या जिभेवर बरंच काही आलं. पण तो एकटा, एक पाय पसरून, दिव्यासमोर बसलेला त्यांना दिसला.

"दिव्यात तेल घाला," त्या म्हणाल्या. "मी आज इथेच राहते."

दोन दिवसांनी मुरमाचे डंपर आले. शरदराव काठी टेकत, काळुरामच्या गाडीतून आले. दिव्यापाशी वरसे गावातल्या शेजारणीला बसवलं होतं. अनन्याने विहिरीची ओटी भरली, नारळ सोडला, दाजीने दगड परत आणून कडेला ठेवला. सगळं झालं आणि मग सगळे उभे राहिले. पहिलं घमेलं टाकायला कुणी पुढे होईना. मजूर म्हणाले, पहिलं घरच्याने टाकायचं. निमिषने बापाकडे पाहिलं. शरदरावांनी घमेल्याला हात लावला. विज्ञान, आजी, वंश, सगळं त्या हातात एकदम आलं होतं. त्यांनी हात मागे घेतला.

पद्मजाबाईंनी घमेलं उचललं. जड होतं. तनया फाटकापलीकडे बापाच्या कडेवर होती. त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. "ज्याचा वंश बुडायचा होता तो परवाच बुडणार होता," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घमेलं विहिरीत रिकामं केलं.

मुरूम पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग डंपरने तोंड उघडलं. आधी पाण्याचा आवाज येत राहिला, मग चिखलाचा, मग नुसता दगडावर दगड पडल्याचा. आवाज बदलेपर्यंत पद्मजाबाई तिथून हलल्या नाहीत.

दिवाळीला त्या पुन्हा पेणला गेल्या. आवारात नवे ब्लॉक बसले होते, आसरांचा दगड त्याच्या जागी होता, आणि भोवती कठडा नव्हता, कारण आता त्याची गरज नव्हती. तनयाने त्यांना मधोमध नेऊन पाय आपटून दाखवला. एकदा, मग जोरात आणखी एकदा. काही वाजलं नाही.

"ढोल गेला, आजी," ती जरा हिरमुसून म्हणाली. "तू पण आपटून बघ ना."

पद्मजाबाई हो म्हणाल्या, पण त्यांचा पाय काही उचलला गेला नाही. त्या आवारातून जाताना त्या अजूनही भिंतीच्या कडेकडेनेच जातात.